आयटीआयची पंचाहत्तर वर्षे आणि तिसगावच्या मुली

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात सुरू झाली १९५० साली. ज्या संस्थांना खेड्यापाड्यांत सगळे नुसते ‘आयटीआय’ म्हणतात, त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था याच योजनेतून उभ्या राहिल्या. योजनेला पंचाहत्तर वर्षे झाली. अशा निमित्ताने इमारत कधी बांधली, यंत्रे कधी आली, प्राचार्य कोण कोण होऊन गेले असा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे, आणि ती नोंद व्हायलाच हवी. पण या लेखात हा इतिहास मी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या मुलीच्या बाजूने मांडणार आहे. ज्यांच्यासाठी ही संस्था मुळात काढलीच नव्हती, त्या मुली तिच्या कर्मशाळेपर्यंत कशा पोहोचल्या, हा माझ्या मते या पंचाहत्तर वर्षांतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले, करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव येते. हे बाजाराचे, जुन्या वेशींचे गाव. मढीच्या कानिफनाथांना आणि वृद्धेश्वराला जाणारे भाविक याच वाटेने जातात. तालुका पर्जन्यछायेतला. विहिरीला पाणी असेल तर रब्बी, नाहीतर दसरा-दिवाळी उरकून कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागायचे, हे इथल्या कित्येक कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक ‘कोयता’ धरतात. बाई उसाची मोळी बांधते, डोक्यावर घेते, गाडी भरते. पहाटे उठून भाकरीही तीच थापते. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर खडी फोडायला बसलेल्या बायका या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून आहेत. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली.

हे एवढ्यासाठी सांगायचे, की मुलींना यंत्राचे, लोखंडाचे, विजेचे काम झेपेल का, असा प्रश्न आजही घराघरांत विचारला जातो. ज्या तालुक्यातल्या बायांनी खडी फोडली आणि उसाच्या मोळ्या वाहिल्या, तिथे हा प्रश्न अंगमेहनतीचा असूच शकत नाही. बांधकामावर गवंडी पुरुष असतो आणि घमेली वाहणारी बिगारी बाई असते. दोघांचे अंग सारखेच मोडते, पण संध्याकाळी हातात पडणाऱ्या पैशांत मोठा फरक असतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये झाला. तेव्हापासूनच्या दरपत्रकांत कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात, आणि खेड्यातली बाई जन्मभर त्यातल्या शेवटच्या रकान्यात राहते. तिला कष्ट कधीच कमी पडले नाहीत. ते कसब आहे असे लिहून देणारे प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हते. आयटीआय हे प्रमाणपत्र देणारी संस्था आहे, म्हणून तिच्या दारात मुलगी उभी राहणे याला महत्त्व आहे.

हाताने काम करून स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या शिकलेल्या स्त्रीची कल्पना मात्र १९५० च्या पुष्कळ आधीची आहे, आणि तिच्यात नगरचा वाटा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मुलींच्या शाळा चालवण्यात त्यांचे आयुष्य गेले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते याच फरारबाईंकडे. शिक्षिकेचे काम हा तेव्हा स्त्रीसाठी नवाकोरा व्यवसाय होता. तो रीतसर शिकावा लागतो, नुसती अक्षरओळख त्याला पुरत नाही, हे ज्या गावांत मान्य झाले त्यांत नगर आहे.

त्याहून मोठे उदाहरण दौंडजवळच्या केडगावचे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले ते या मुलींसाठी. तिथे शाळा होतीच. पण त्याबरोबर विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, शिवण आणि छापखानाही होता. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय होती. मला त्या छापखान्याचे फार अप्रूप वाटते. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर स्वतः केले आणि त्याची छपाई केडगावलाच झाली. देवनागरी खिळ्यांबरोबर ग्रीक आणि हिब्रू खिळेही मुक्तीतल्या मुलींनी जुळवले. खिळे जुळवणे हे नजरेचे, शिस्तीचे आणि चिकाटीचे काम. अक्षर उलटे वाचायचे, ओळ घट्ट बसवायची, छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. हे सगळे दुष्काळातून आलेल्या मुलींनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

त्याच काळात अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. महाराष्ट्राने या दोन वाटांपैकी कर्व्यांची वाट उचलली. मुलगी शिकली म्हणजे पदवीधर झाली, हे समीकरण मध्यमवर्गात रुजले आणि मग खेड्यांत झिरपले. त्याने फार मोठे भले केले, यात शंका नाही. केडगावची वाट मात्र अनाथ, परित्यक्ता, विधवा यांची म्हणून बाजूला राहिली. ज्या मुलीला घर आहे तिने कशाला हातात अवजार धरायचे, हा ग्रह तेव्हापासूनचा. आज तिसगावात आयटीआयचे नाव काढल्यावर जे तोंड वाकडे होते, त्याचे मूळ इतके जुने आहे.

आता योजनेकडे येऊ. तिची सुरुवात सैन्याशी जोडलेली आहे. दुसरे महायुद्ध संपले आणि हजारो सैनिक घरी परतणार होते. त्यांचे पुनर्वसन आणि रोजगार यांसाठी जुलै १९४५ मध्ये एक महासंचालनालय स्थापन झाले. याच खात्याने १९५० मध्ये सुमारे ५० संस्थांनिशी शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. शिवा राव समितीच्या शिफारशीवरून १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा देशभर एकच दर्जा राहावा म्हणून राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद नेमली गेली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला आणि आयटीआय झालेल्या मुलाला कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून काम शिकता येऊ लागले. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय १९८४ मध्ये झाले. पुढे तालुक्यागणिक शासकीय आयटीआय निघाली आणि पाथर्डीलाही आले. आज राज्यात शासकीय आयटीआयच चारशेच्या वर आहेत.

या सगळ्या आराखड्यात डोळ्यांपुढे होता तो पुरुष. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोल्डर, वेल्डर, वायरमन हे पहिल्या फळीचे ट्रेड. मुलींना प्रवेश नाही असे कुठे लिहिलेले नव्हते. पण कर्मशाळेत त्यांची सोय नव्हती आणि पुढे कारखान्यात त्यांना जागा नव्हती. कारखाना अधिनियम १९४८ चा. त्याच्या कलम ६६ प्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात स्त्रियांना कारखान्यात कामाला लावता येत नसे. कलम २२ प्रमाणे चालू यंत्राचे मुख्य भाग साफ करणे, त्यांना वंगण देणे किंवा त्यांची जुळणी करणे ही कामे स्त्रीला सांगता येत नसत. हेतू संरक्षणाचा होता. परंतु फिटरचे निम्मे काम यंत्र चालू असताना त्याचा आवाज ऐकून, हात लावून दोष शोधण्याचे. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याच्या मालकाने मग सरळ हिशेब केला: रात्रपाळीला येऊ शकत नाही, चालू यंत्राला हात लावू शकत नाही, त्यात तीसपेक्षा जास्त बायका घेतल्या तर पाळणाघर काढावे लागते, त्यापेक्षा बाई नकोच. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने दार असे बंद केले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती केली आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून स्त्रियांना रात्रपाळी खुली झाली. १९५० ते २०१५ म्हणजे पासष्ट वर्षे. आयटीआयमध्ये मुली का दिसत नव्हत्या असे विचारणाऱ्याने आधी हे अंतर मोजावे.

मधल्या काळात सरकारने मुलींसाठी वेगळी सोय करायचा प्रयत्न केला. सत्तरच्या दशकात महिला व्यवसाय प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. केंद्रीय संस्था दिल्ली परिसरात आणि प्रादेशिक संस्था मुंबई व बंगळूरसारख्या शहरांत निघाल्या. राज्यांतही फक्त महिलांसाठीची आयटीआय निघू लागली. तिथे कटिंग-टेलरिंग, भरतकाम, केशरचना, सचिवालयीन कामकाज हे ट्रेड असत. पुढे काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स आणि आरेखक आले. या संस्थांनी खूप काम केले. शिवणकाम शिकून घर चालवणारी, दोन मुलींना हाताशी धरून गावात दुकान टाकणारी बाई हा त्यांचाच वारसा आहे, आणि शिवण हे कमी प्रतीचे कसब आहे असे म्हणणाऱ्याने एकदा ब्लाउजचा हात बसवून पाहावा. खटकते ते वेगळेच. मुलीला विचारण्याआधीच तिचा ट्रेड ठरलेला असे. बाजारात ज्या कामाला दाम जास्त ते मुलाकडे, आणि जे काम ती आईकडून अर्धे शिकलेलीच आहे ते तिच्याकडे, अशी ही वाटणी होती.

ती वाटणी मोडण्याचे साधन आरक्षणाने दिले. महाराष्ट्रात आयटीआयच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, आणि त्या सर्व ट्रेडमध्ये असतात. म्हणजे पाथर्डी काय किंवा नगरच्या बुरुडगाव रस्त्यावरचे आयटीआय काय, इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या तुकडीत मुलीचा हक्क कागदावर आहेच. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन फेऱ्यांतून होतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, संगणक चालक हे एका वर्षाचे. वायरमन आणि शिवणकाम तंत्रज्ञान यांना आठवी उत्तीर्ण चालते. विकल्प भरताना खरी परीक्षा होते. सायबर कॅफेत बापाच्या शेजारी बसलेली मुलगी पहिला पसंतीक्रम कोणता टाकते, तिथे पंचाहत्तर वर्षांचा इतिहास एका क्लिकवर येतो.

फिटरच्या कर्मशाळेत पहिले काही आठवडे एकच काम असते. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा बेंच व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानस मारायची. पाय कसे ठेवायचे, खांदा कुठे, दाब पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना सोडायचा, हे निदेशक पुन्हा पुन्हा सांगतात. तळहाताला फोड येतात. मग तुकड्याला ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत कानस. व्हर्निअर कॅलिपर हातात आले की ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप वाचता येते, आणि तेव्हा कळते की डोळ्यांना सपाट वाटणारी गोष्ट सपाट नसते. ही शिस्त एकदा हातात उतरली की जन्मभर जात नाही. कापसाची बोंडे वेचलेल्या, भाकरी थापलेल्या हातांना लय माहीत असते, पण मोजमापाची ही सक्ती नवी असते. जी मुलगी ती पार करते, तिचे चालणे-बोलणे बदलते, असे शिकवणारे सांगतात, आणि मला ते पटते. एखादा जॉब बरोबर आला की नाही, हे तिथे कुणाच्या मर्जीवर नसते, गेज सांगतो.

इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत पुढच्या टप्प्याला मोटारीचे वायंडिंग येते. जळालेली मोटार उघडायची, जुन्या कॉइल मोजून नोंदवायच्या, स्लॉट साफ करून कागद बसवायचा, तांब्याची तार नेमक्या फेऱ्यांत गुंडाळायची, जोडण्या करायच्या, वार्निश द्यायचे, वाळवायचे आणि मेगरने इन्सुलेशन तपासायचे. फेऱ्या चुकल्या की मोटार गरम होते, आणि शेतकऱ्याचे पाणी परत अडते. या तालुक्यात कमी दाबाच्या विजेने किती मोटारी जळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इलेक्ट्रिशियन होणे म्हणजे शहरात जाणेच, असे नाही. ज्या गावाला बाजार आहे त्या गावात वायंडिंगच्या दुकानाला मरण नाही.

कर्मशाळेतल्या काही नियमांनी मुलींच्या घरी सुरुवातीला धुसफूस होते. लेथपुढे ओढणी चालत नाही, मोकळी वेणी चालत नाही, हातात बांगड्या चालत नाहीत. ॲप्रन किंवा बॉयलर सूट, केस टोपीत, पायांत जाड बूट. फिरत्या चकमध्ये कपड्याचे टोक अडकले तर यंत्र माणसाला ओढून घेते. तिथे रीतिरिवाजाला जागा नाही. आईला हे एकदा कर्मशाळेत आणून दाखवले की ती समजते. ऊस तोडताना तीही पदर कमरेला खोचूनच उभी राहते. ज्या संस्थांनी पालकांना वर्कशॉपमध्ये बोलावून यंत्रे चालवून दाखवली, त्यांनी हजार भाषणांपेक्षा मोठे काम केले, असे माझे मत आहे.

पुढे काय, हा पालकांचा रास्त प्रश्न. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे प्रमाणपत्र लागते, आणि तिथे महिलांसाठी जागा राखीव असतात. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या एका महिला वीज कर्मचाऱ्याची शिडीशिवाय खांबावर चढतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. तिचे ते रोजचे काम होते. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायला दहावी आणि ठरावीक ट्रेडमधले आयटीआय पुरते. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२३ मध्येच एसटीच्या प्रवासी गाड्यांवर महिला चालक आल्या. ॲप्रेंटिसशिपसाठी एसटीच्या कार्यशाळा आहेत, नगर-नागापूर, सुपे, रांजणगाव, चाकणच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि साखर कारखाने तर उंबऱ्याशीच आहेत. आदिनाथनगरचा वृद्धेश्वर कारखाना तिसगावपासून लांब नाही. कुठल्याही साखर कारखान्याच्या गळीत हंगामात मिल, बॉयलर, टर्बाइन, पंप यांवर फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतातच. ज्या घरातली आई ऊस तोडते, त्या घरातली मुलगी तोच ऊस गाळणाऱ्या यंत्राची देखभाल करू शकते, आणि त्यासाठी तिला दोनच वर्षे लागतात.

पदवीविषयी माझा आकस नाही. आदिनाथनगरच्या दादापाटील राजळे महाविद्यालयाने आणि पाथर्डीच्या बाबूजी आव्हाड महाविद्यालयाने या भागातल्या मुलींच्या पिढ्या घडवल्या. ज्या मुलीला इतिहास शिकायचा आहे, विज्ञानात पुढे जायचे आहे, तिने तिकडेच जावे. पण आपण सगळे जाणतो की कित्येक घरांत बी. ए.चा प्रवेश हा स्थळ येईपर्यंतचा मुक्काम असतो. तीन वर्षे मुलगी हजेरीपुरती कॉलेजात जाते, लग्नाच्या बायोडाटात ‘पदवीधर’ लिहिले जाते, आणि हातात विकता येईल असे काही नसते. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. ते चांगलेच झाले. त्याने मुली पदविका आणि पदवीकडे आणखी वळतील. आयटीआयमधून गेलेल्या मुलीलाही ते दार बंद नसते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ही सोय दहावीच्या वर्गात कुणी फळ्यावर लिहून सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

अडचणी आहेत, आणि अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्या लिहिल्या पाहिजेत. पहिली अडचण येण्या-जाण्याची. गावाकडच्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. या पासाने हजारो मुली शाळेत टिकल्या. आयटीआयची वेळ मात्र शाळेसारखी नसते. प्रात्यक्षिकाला पूर्ण दिवस लागतो, आणि संध्याकाळची गाडी चुकली की घरात बोलणी सुरू होतात. दुसरी अडचण वसतिगृहाची. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी एकटी घरी राहू शकत नाही, म्हणून तीही फडावर जाते. तिथून शाळा सुटते आणि मागोमाग बालवयात लग्न होते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ती शाळकरी मुलांचा विचार करून. आयटीआयच्या दोन वर्षांसाठीही मुलीला सुरक्षित खोली मिळाली, तर या तालुक्यातल्या तुकड्या मुलींनी भरतील, असे मला मनापासून वाटते.

तिसरी अडचण कारखान्याच्या फाटकाच्या आतली. ॲप्रेंटिसला शिकवायचे असते. पण कित्येक ठिकाणी तिला वर्षभर एकाच स्क्रूवर उभे केले जाते आणि वर्ष संपले की निरोप दिला जातो. स्वच्छतागृह लांब, पाळणाघर कागदावर, आणि नोकरी ठेकेदाराकडची. मुलींना हलके काम म्हणून टेबलावर बसवून ठेवणारेही असतात. त्यात दया दिसते, पण हातातले कसब गंजते आणि बढतीच्या वेळी ‘फील्डचा अनुभव नाही’ हेच तिच्या विरुद्ध जाते. आयटीआयने मुलीला प्रमाणपत्र देऊन थांबू नये. ती ज्या आस्थापनेत ॲप्रेंटिस आहे तिथे काय शिकते आहे, हे निदेशकाने जाऊन पाहावे. कागदावर तशी भेट असतेच, ती खरीखुरी व्हावी.

याच जिल्ह्याने एक गोष्ट करून दाखवली आहे, तिची आठवण इथे द्यायला हवी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले. बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठ या विषयांत त्या बायका गावाच्या आधार झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. तिथेही सुरुवातीला हाच प्रश्न होता, की अडाणी बाईला हे कसे जमणार. शिकवणाऱ्याने चिकाटीने शिकवले, शिकलेल्या बाईवर काम सोपवले, आणि गावाने तिचे ऐकायला सुरुवात केली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात बायका संवाद सहायक म्हणून उतरल्या. पाया, बांध, पत्रा यांच्याबद्दल त्या इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. जामखेड आणि किल्लारी या दोन्ही ठिकाणी दाखला नंतर आला, कसब आधी. आयटीआयकडे दोन्ही एकत्र देण्याची सोय आहे.

तिसगावपुरते बोलायचे तर कामाची उणीव नाही. मुळा धरणाच्या पाण्यावरच्या मिरी-तिसगाव प्रादेशिक पाणीयोजनेवर या भागातली कितीतरी गावे अवलंबून आहेत. पंप, व्हॉल्व्ह, जलवाहिनी, पॅनेल बोर्ड यांतले काही बिघडले की नळ कोरडे पडतात आणि हंडे घेऊन बायकाच निघतात. ज्यांच्या डोक्यावर हंडा येतो, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात पाना असायला काय हरकत आहे? पंप ऑपरेटर, प्लंबर, वायरमन ही कामे ग्रामपंचायतींना लागतात. बायका ती करू लागल्या तर दुरुस्तीची निकड ज्यांना कळते त्यांच्याच हाती दुरुस्ती येईल.

आणि आता सौरऊर्जा आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पहिले प्रयोग २०१७ नंतर ज्या दोन गावांत झाले, त्यांतले एक नगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून शिवारात पॅनेल उभी राहत आहेत. पॅनेलवर धूळ बसते, कंट्रोलर एरर दाखवतो, वाऱ्याने स्ट्रक्चर हलते, पंप पाणी कमी देतो. कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही. आयटीआयमध्ये सोलार टेक्निशियनचा ट्रेड एका वर्षाचा आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा. हे ट्रेड इतके नवे आहेत की त्यांच्यावर ‘हे पुरुषाचे काम’ असा शिक्का अजून बसलेला नाही. फिटरची तुकडी मुलींना खुली व्हायला सहा-सात दशके लागली, ते इथे पुन्हा होऊ द्यायचे कारण नाही. ज्या आयटीआयमध्ये हे ट्रेड सुरू होतील, तिथल्या पहिल्या तुकडीत ३० टक्क्यांची अट ही किमान मर्यादा धरून जास्तीत जास्त मुली घ्याव्यात. दहावीच्या निकालाआधी, मे महिन्यातच, निदेशकांनी आणि विशेषतः निदेशिकांनी तिसगाव, मिरी, करंजी, चिचोंडीच्या शाळांत जाऊन मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलावे. येताना सोबत एक जळालेली मोटार आणि एक सौर पॅनेल आणावे.